कार्डावरची क्षिप्रा

क्षिप्रा चंबळेला मिळते हे मला ठाऊक होतं. तरी भर मंडपात, माईकवरून, मी शेजारच्या काकूंना "चूक" म्हणालो. ते कबूल करायला मला पाच वर्षं लागली.

पूर्वी प्रश्न विचारणं हे मास्तरांचं काम होतं आणि उत्तर न येणं आमचं. मग टीव्हीवर करोडोंची प्रश्नमंजूषा सुरू झाली आणि देशाला चार पर्यायांशिवाय बोलता येईना. क्षिप्रेकाठच्या आमच्या शहरात, नानाखेड्यातल्या कॉलनीत, भाजीसुद्धा ए, बी, सी, डी करून ठरू लागली. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातून नाटक गेलं, क्विझ आलं. माझा आवाज जाड, म्हणून क्विझमास्टर मी. बसस्टँडवर मिळणाऱ्या एका गाइडातून कार्डं उतरवली आणि नवं जाकीट शिवून घेतलं. उत्तरं तपासायला वेळ उरला नाही.

काकू सत्तरीच्या. स्टेजवर पहिल्यांदाच चढलेल्या. तीन महिने कुकरच्या शिट्ट्यांमध्ये त्यांनी सामान्यज्ञान पाठ केलं होतं. "आई, तिथे साबुदाणा किती भिजवायचा ते विचारत नाहीत," असं सून म्हणायची.

शेवटचा प्रश्न होता, क्षिप्रा कुठल्या नदीला मिळते?

"चंबळ," काकू म्हणाल्या.

कार्डावर नर्मदा होतं. माझ्याच अक्षरात.

"पक्का, काकू?"

"अरे, पक्का काय विचारतोस? माहेर आहे माझं तिकडे. संगमावर कपडे धुतलेत मी."

मंडळाचे अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "कार्डावर क्या है? जे कार्डावर, ते फायनल."

क्विझमास्टरचा निर्णय अंतिम, हा नियम मीच वाचून दाखवला होता, दोनदा. मी "चूक" म्हणालो. टाळ्या पडल्या. जन्मभर क्षिप्रेत अंघोळ केलेली माणसं घरी जाताना म्हणत होती, "असेल बुवा नर्मदा. आजकाल नवीन आलं असेल."

काकूंनी पुस्तकं रद्दीत घातली. पुढे कुणी काही विचारलं की म्हणायच्या, "मला काय येतंय?" भिंतीपलीकडून ते मला ऐकू यायचं.

यंदा पहिल्या प्रश्नाआधी मी माईक घेतला. अध्यक्ष घड्याळ दाखवत होते. काकू तिसऱ्या रांगेत, सुनेशेजारी बसल्या होत्या.

"काकू, त्या वर्षी तुमचं उत्तर बरोबर होतं. कार्ड मी लिहिलं होतं आणि ते चुकलं होतं. तुम्हाला चूक म्हणताना मला ते माहीत होतं. सगळ्यांसमोर म्हणालो होतो, म्हणून सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो."