मला न मानवणारी हवा

मुलगा मला कायमची न्यायला पुण्यात आला, तेव्हा त्याच्याकडे एकच मुद्दा होता: हवा. पेठेतल्या धुळीने माझा दमा उसळला होता, हे खरं. त्याचं गाव अमेरिकेत, समुद्राकाठी. "ना कडक उन्हाळा, ना थंडी. आई, तुझ्यासाठीच केल्यासारखी हवा आहे." डॉक्टरांशी बोलून झालं होतं, सदाशिव पेठेतला माझा फ्लॅट भाड्याने द्यायचं ठरलं होतं. मला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

ती हवा मी आदल्या वर्षी अख्खा हिवाळा खाऊन आले होते. सौम्य असावी, पण किती? सकाळी धुकं, दुपारी धुकं, मधूनच भुरभुर. स्वेटर घालावा तर उकडतं, काढावा तर पाय गार. बाहेर कपडे वाळत घालायला बंदी. तरी मी बाल्कनीतल्या खुर्चीवर पंचा टाकला. दुसऱ्या दिवशीही तो ओलाच. शेवटी सुनेने न बोलता मशीनमध्ये सुकवून आणला. माणसं गुणी, मला नावं ठेवायला जागाच नाही. "आई, तुम्ही बसा," असं सून इतक्यांदा म्हणायची की मी खरंच बसून राहायला लागले. दमा गप्प होता आणि मीही. आपण या घरात ठेवलेली वस्तू झालोय असं वाटायचं, आणि त्याचा मला भयंकर राग यायचा.

त्या गावाहून दोन-अडीच तासांवर बर्फाचे डोंगर. एका रविवारी दोघं निघाली. मी घरीच थांबावं असं ठरलं होतं, कारण तिथली थंडी मला झेपायची नाही. मी कानटोपी चढवली आणि गाडीत जाऊन बसले. कानटोपी घातलेल्या पुणेरी बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो, एवढं त्याला अजून आठवत होतं.

वर निळंशार आभाळ आणि डोळे दिपवणारं ऊन. मला हीटर लावून गाडीत बसवलं आणि दोघं कॉफी आणायला गेली. मी उतरले. पाय घोट्यापर्यंत बर्फात गेला. पहिलाच श्वास नाकाला झोंबला, डोळ्यांतून पाणी आलं, छातीत शिट्टी वाजायला लागली. पंप ओढला आणि चालत राहिले. ही हवा माझे लाड करणार नव्हती. कित्येक दिवसांनी कुणीतरी माझ्याशी बरोबरीने भांडत होतं, आणि मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसत सुटले. मुलगा कॉफी सांडत धावत आला. चेहरा पांढराफटक. "वेड लागलंय का तुला?" त्यानंतर मला पुन्हा वर नेलं नाही. हिवाळा संपताच मी पुण्याला परत आले.

आणि आता हा न्यायला आलेला. जेवणाच्या टेबलाशी मी सांगितलं, "येणार नाही. मला न मानवणारी हवा चालेल. मी इथे रोज जिना उतरते, दुकानदाराशी वाद घालते, खोकते, पंप घेते. तुझ्याकडे मी नुसती बरी असते."

तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. पण त्याचे डोळे भरले. "तुला काही झालं तर? मला पोहोचायला दीड दिवस लागतो, आई."

भीती मलाही वाटते. कधीकधी फार वाटते. पण तेव्हा तोंडातून निघालं ते असं: "मग दीड दिवस मला बर्फावर ठेवतील. बर्फात मी खूश असते, पाहिलं आहेस तू."

तो उठून खिडकीशी गेला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. हे बोलायला नको होतं, असं वाटलं. पण शब्द मागे घेतला नाही. घेतला असता तर पुढच्या आठवड्यात मी विमानात असते.

"शेजारी किल्ली दिली आहेस का घराची?" त्याने तसंच पाठमोरं विचारलं.

"दिली आहे."

"मलाही एक हवी."

सकाळी आम्ही नारायण पेठेत किल्ली करून घ्यायला गेलो. रस्ता खणलेला, स्कूटरींनी उडवलेली धूळ. मला खोकल्याची उबळ आली. तो थांबला, माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, आणि हवेबद्दल त्याने ब्रही काढला नाही.