न वाचता केलेली सही

२०२५ साल संपत आलं होतं, मला एकाहत्तर झाली होती. महापालिकेची निवडणूक लागली आणि माझा चुलत पुतण्या उमेदवारी अर्ज घेऊन ओटीवर आला. "काका, सूचक म्हनून तुमचीच सही पायजे. गावात वजन हाय तुमच्या सहीला." मी चष्मा लावला, कागदावरून नजर फिरवली आणि सही ठोकली.

दोन दिवसांनी सुनेने निवडणूक कार्यालयाच्या फलकावर लागलेल्या त्याच्या प्रतिज्ञापत्राचा मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला. "बाबा, मुलं दोनच लिहिलीत."

दोन? तिसरीच्या बारशाला मी जेवून आलो होतो. दोनांहून जास्त मुलं असली तर उभं राहता येत नाही, हेही सुनेनंच सांगितलं. छाननीला जायचं मी त्याच रात्री ठरवलं.

सूचक म्हणून छाननीला आत जायची परवानगी होतीच. तिथेच हरकत घेतली. अधिकारीबाईंनी पुरावा मागितला. माझ्याकडे कुठला? पुतण्याच्या वकिलाने मात्र पोरीचा जन्मदाखला पुढे केला. बाप म्हणून पुतण्याच्या धाकट्या भावाचं नाव. मग वकील माझ्याकडे वळला.

"आजोबा, सूचक तुम्हीच ना?"

"मीच."

"परवा यांना दोन मुलं होती, आज तीन झाली?" लोक हसले. "अर्ज वाचूनच सही केलीत ना?"

हो म्हटलं असतं तर मीही त्या खोट्यातला. चाळीस वर्षं मी नाक्यावरच्या बाकावर पेपर उघडून बसतो. फोटो आणि मोठे मथळे सोडले तर त्यातलं मला फारसं लागत नाही, हे घरातसुद्धा कुणाला माहीत नव्हतं.

"न वाचता केली. दुसरी शिकलोय. जोडाक्षरं अडतात."

"म्हनजे म्हातारा नुसती चित्रं बघतो काय रे?" मागून कुणीतरी म्हणालं.

हरकत फेटाळली. बाहेर पुतण्या पाया पडला. "काका, टेन्शन नाय घ्यायचं. निकालाला पयला हार तुमीच घाला." मी पाय मागे घेतला आणि रिक्षाला हात केला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा पोरगा गटाराच्या तक्रारीचा अर्ज घेऊन आला. "करा काका पटकन, ड्युटीला जायचंय." मी त्याला खाली बसवलं आणि बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागलो. 'आयुक्त'पाशी अडलो, तसा तो सांगायला पुढे झाला. म्हटलं, "गप रे. लावतो मी."