झिपरीचं रडणं

"पुन्हा रड," मडम म्हणाली.

म्हणजे ती म्हणाली इंग्रजीत. मराठीत म्हणाला साहेबाचा कारकून. तो व्हरांड्यात वर उभा, मी खाली मातीत. मधे चार हात जागा, माझी सावली त्याच्यावर पडायला नको म्हणून. त्याच्या हातात वही आणि पेन्सिल. माझं रडणं तो इंग्रजी अक्षरांत उतरवून घेत होता.

मी रडले.

"पुन्हा. जरा सावकाश. मडम म्हणते, शेवटचा हेल नीट कळला नाही."

वेताच्या खुर्च्यांवर तीन गोऱ्या बाया चहा पीत बसल्या होत्या. माझी पोर, झिपरी, जाऊन तीन आठवडे झाले होते. दोन वर्षांची होती. तापाने गेली. मी पुन्हा रडले, मग पुन्हा, मग पुन्हा. शेवटी डोळ्यांतलं पाणी आटलं आणि नुसता घसाच रडायला लागला. तेव्हा मडमने टाळी वाजवली. "आता बरोबर," म्हणाली. पाणी आटल्यावर बरोबर! आग लागो त्या बरोबरला.

ही गोष्ट धुळ्याची. गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माझा नवरा मोतद्दार होता, घोड्यांची चाकरी करायचा. मी मडमच्या खोल्या झाडायचे, कपडे धुवायचे. आम्ही महार. गावात आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं, पण इथे मडमच्या उशीचा अभ्रा मी घालायचे. मला त्याचा तोरा होता. महारवाड्यात परत गेले की मान जरा ताठच असायची.

आणि खोटं का बोलू, मडम मला आवडायची. लग्नाआधी ती विलायतेत नाटकात काम करायची. खोलीत तिचे फोटो होते. एकात ती राणी, एकात भिकारीण, एकात तर मरून पडलेली. आमच्याकडे तेव्हा नाटकात बाईचं सोंग पुरुष घ्यायचे. ही बाई असून परपुरुषांसमोर उभी राहायची आणि तिला कोणी नाव ठेवायचं नाही! आरशासमोर ती कधी रुसायची, कधी भांडायची, कधी मरायची. मी हातातलं काम सोडून बघत राहायचे. एकदा पकडलं तिने मला बघताना. रागावली नाही, हसली. मला वाटलं, हिचं माझं काहीतरी जुळलं. कपाळ माझं!

झिपरी गेली आणि तिसऱ्या दिवशी मला कामावर बोलावणं आलं. कपडे तुंबले होते. गेले. दुपारी पागेच्या मागे एकटीच होते, तिथे मला रडू फुटलं. आमच्याकडे बाया अहिराणीत रडतात तसं, नाव घेऊन, कुठे गेलीस म्हणून हेल काढून.

"झिपरी वं मनी माय, कथी गई वं? तुनं झबलं वाळनं नही, तू कथी गई वं?"

तोंड वर केलं तर समोर मडम. हलत नव्हती. मी घाबरून पदर सारखा केला. तिने माझ्या खांद्याला हात लावला. घरात नेलं, बिस्किटं दिली. मी बिस्किटं हातात धरून आणखी रडले. म्हटलं, बाईमाणूस आहे, हिला बाईचं पोट कळलं.

सुतक फिटलं आणि दुसऱ्या दिवशी कारकून आला सांगायला. क्लबात साहेबलोकांसाठी खेळ होणार आहे, मडम त्यात हिंदुस्थानी आयाचं काम करणार आहे, तिला तुझं ते रडणं शिकायचं आहे.

मी घरी सांगितलं. सासू एकदम उसळली.

"जित्ता घरमा मढानं रडनं काढस का? आखो कोनले खासी?"

तिचं बरोबर होतं. असं नाव घेऊन रडणं आमच्यात सुतकापुरतंच. सुतक फिटलं की ते पुन्हा तोंडातून काढायचं नाही, काढलं तर घरातला आणखी एक जीव जातो. नवरा म्हणाला, नाही म्हणशील तर नोकरी जाईल. मी दुसऱ्या दिवशी कारकुनापुढे हात जोडले. रावसाहेब, आमच्यात हे चालत नाही, म्हटलं.

तो हसला. "तुमच्यात काय चालतं आणि काय नाही ते मला सांगतेस? अगं, मडम तुझ्या पोरीचं दुःख साहेबांना दाखवणार. मोठमोठे साहेब रडतील. तुझ्या जातीत कोणाच्या पोराला असं मरण मिळालंय का?"

आणि मला भुरळ पडली. हे मी लपवत नाही. माझी झिपरी, जिला पुरायला चार माणसं आली होती, तिच्यासाठी साहेब रडतील! नोकरीची भीती होती, पण नुसती भीती नव्हती. हावही होती. म्हणून मी महिनाभर त्या मातीत उभी राहून रडले. मडमने लुगडं मागितलं, दिलं. ते कसं नेसायचं ते शिकवलं. मग तिने पोरीचं काहीतरी मागितलं, हातात धरायला. झिपरीचं झबलं मी उशाशी ठेवलं होतं. मीच नेऊन दिलं, माझ्या हाताने.

खेळाच्या दिवशी चार वाजता मला क्लबात नेलं. पडद्याच्या आड उभं केलं, मडमचं लुगडं सुटलं तर सावरायला. समोर पन्नासेक गोरी माणसं. मडमने तोंडाला आणि हातांना काळं फासलं होतं. एवढं काळं तर आमच्या वाड्यात कोणी नव्हतं. तरी मी म्हटलं, असेल, नाटकात असंच असेल. आता झिपरीचं नाव निघेल आणि सगळे गप्प होतील.

आया आली. चालता चालता पडली. लोक हसले. तिने सांडलेला चहा पदराने पुसला आणि तोच पदर पुन्हा कपात पिळला. लोक हसले. मला काही कळेना. मग खेळातल्या साहेबाचं कुत्रं मेलं. कापसाचं कुत्रं, आत भुसा भरलेलं. मडमने ते उचललं.

त्या कुत्र्याच्या अंगात माझ्या पोरीचं झबलं होतं.

मडम खाली बसली, छाती बडवली आणि हेल काढला. माझा हेल. अगदी माझाच. शेवटचा, न कळलेला, तोसुद्धा आता बरोबर जमला होता.

"जिप्री वं मनी माय, कथी गई वं?"

कुत्र्याचं नावच तिने जिप्री ठेवलं होतं.

साहेब हसायला लागले. असे हसले की एकाच्या नाकातून दारू आली. बाया रुमालाने डोळे पुसत होत्या. डोळ्यांना पाणी आलं होतं खरं त्यांच्या! कारकून दाराशी उभा होता, तोही हसत होता. मडम थांबायची, त्यांचं हसणं ओसरू द्यायची आणि पुन्हा हेल काढायची.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कधी पडद्याबाहेर आले ते मला आठवत नाही. भर उजेडात जाऊन मी त्या कुत्र्याला धरलं.

"मनी पोर शे ती!" मी ओरडले. "झबलं दे! मनी पोर शे!"

काय झालं असेल? टाळ्या. त्यांना वाटलं, हेही खेळातलंच. एक काळी आया आणि दुसरी खरीच काळी, दोघी एका कुत्र्यासाठी भांडतायत. लोक उठून उभे राहिले हसायला. मी जितकी ओरडत होते तितके ते हसत होते. आणि मडम? ती क्षणभर दचकली. मग तिच्यातली नटी जागी झाली. तिने मला मिठी मारली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तोच हेल काढला. मग माझ्या मानेवर हात ठेवून मला खाली वाकवलं आणि स्वतः वाकली. आम्ही दोघींनी मुजरा केला. तिच्या हातातलं काळं माझ्या मानेला लागलं.

मी पोरीसाठी ओरडले आणि त्यांनी त्याची मौज केली. याच्याइतकं वाईट मला कोणी मारूनही वाटलं नसतं.

बाहेर आल्यावर मात्र मडमचा हात जोरात बसला, गालावर. दुसऱ्या दिवशी आम्हाला बंगल्यातून काढलं. झबलं मिळालं नाही.

"तुना रडाना पायी मनी नवकरी गई," नवरा म्हणाला. कोणत्या रडण्यापायी, ते त्यालाही नीट माहीत नव्हतं.

आम्ही जळगावला आलो. कापसाच्या जिनमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात लागलो, मागच्या झोपड्यांत राहिलो. नाकातोंडात कापूस जायचा. तिथे दुसरी पोर झाली. तिथेच आमच्या लोकांच्या सभा सुरू झाल्या होत्या. मेलेलं ढोर ओढायचं नाही, शिळं मागायला जायचं नाही, पोरं शाळेत घालायची. मी मागे बसून ऐकायचे. पोर सात वर्षांची झाली तेव्हा तिला शाळेत घातलं. मास्तरने तिला ओट्यावर बसवलं, खिडकीबाहेर. तिथून फळा अर्धाच दिसायचा. तिच्या पाटीवर प्रत्येक शब्द अर्धा.

आणि एके दिवशी कारकून आला. थकला होता, पेन्शनीत निघाला होता, जळगावात घर होतं त्याचं. नाकाला रुमाल लावून झोपडीसमोर उभा राहिला.

"बाई, ओळखलं का?"

बाई! तेव्हा मी 'अगं ए' होते. म्हटलं, याचं काहीतरी काम अडलंय.

मडमचं पत्र आलं होतं. साहेबाला सोडून ती विलायतेला नाटकात परत गेली होती. ते आयाचं सोंग तिथे फार गाजलं. मग ते तिने रेडिओवर केलं. आता तिकडे नवीन पेटी निघाली आहे, कारकून म्हणाला, तिच्यात माणूस हलताना दिसतो, घरबसल्या. त्या पेटीत तिचं काम आहे. पण सोंग लहान पडतंय. पत्रात होतं, त्या रडणाऱ्या बाईला आणखी ओळी येत असतील, त्या लिहून पाठव.

"तेच झबलं अजून वापरते म्हणे," तो कौतुकाने म्हणाला.

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"फुकट नको म्हणते ती. मी म्हटलं, मी बघतो. शाळेचा हेडमास्तर माझ्या ओळखीचा आहे. तुझी पोर आत बसेल, फळ्यासमोर. मी शब्द टाकतो. तू फक्त उरलेल्या चार ओळी दे."

पोर तिथेच बसली होती, पाटी मांडीवर. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं.

ओळी होत्या. कोणालाच न सांगितलेल्या. अगदी ओठापर्यंत आल्या, खोटं नाही सांगत. गेलेलीला काय फरक पडतो, म्हटलं, राहिलेलीचं भलं होतंय. मी तोंड उघडलं. कारकुनाने वही काढली, पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं केलं.

"हं, सुरू कर. आणि नीट रड. नुसती पुटपुटू नको."

मी तोंड मिटलं.

"नही," म्हटलं.

"काय नाही?"

"रडणार नाही. ओळी देणार नाही. तिला लिहा, झबलं माझ्या पोरीचं आहे, पाठवून दे."

"झबलं!" तो हसला. "अगं, चिंधी ती! आणि त्या चिंधीपायी हिला आयुष्यभर ओट्यावर बसवशील?"

"हिला कुठे बसवायचं ते मी बघते. तुम्ही जा."

तो बडबडत गेला. तुम्ही लोक असेच मरणार, म्हणाला. मी पोरीचं तोंड धुतलं, केस विंचरले. रडले नाही.

सकाळी तिला घेऊन शाळेत गेले. ओट्यावर थांबले नाही. उंबरा ओलांडून तिला पहिल्या रांगेत बसवलं, फळ्याच्या अगदी समोर, आणि मी दारात पाय पसरून बसले. पोरं भिंतीला चिकटली. मास्तर छडी आपटत ओरडला, "बाहेर! दोघी बाहेर!" पोर माझ्याकडे बघायला लागली. तिने पाटी छातीशी धरली होती.

"रडू नको," मी म्हटलं. "फळ्यावर आहे तो अख्खा शब्द लिही."

मास्तर हेडमास्तरला बोलवायला गेला. येऊ दे. शिपाई येऊ दे, फौजदार येऊ दे. आज उठवतील, उद्या परत आणीन. उद्या उठवतील, परवा परत. माझ्या पोटच्या दुःखाच्या बदल्यात पोरीला जागा द्यायला निघाले होते हे. जागा तिची आहे. मागणार नाही आता. घेणार.