हाकेला पुण्याहून ओ

पुनाजी मडावी आमचे शेजारी. त्यांच्या घरातली एकही गोष्ट मी चोरून ऐकलेली नाही. ऐकावी लागली, हे वेगळं. गाव जितकं लांब तितका आवाज मोठा, हा त्यांचा फोनचा नियम. कारंज्याला बोलायचं तर ओट्यावर बसून, नागपूरला उभं राहून आणि पुण्याच्या लेकीशी, अंजूशी, बोलायचं तर अंगणात येऊन, पश्चिमेकडं तोंड करून, बेंबीच्या देठापासून. अंजूनं भाजी कशाची केली हे माझ्या अंगणवाडीतल्या पोरांनाही ठाऊक असायचं.

तशी चूक त्यांची नव्हती. उमेदीची सगळी वर्षं जंगलाच्या कामात गेली. या टेकडीवरून त्या टेकडीवर हाक मारायची आणि पलीकडून ‘ओ’ आली की मगच पुढचं बोलायचं. चिमुकली अंजू त्यांचा डबा घेऊन निघाली की खालूनच अशी ओ द्यायची, की झाडावरची पाखरं उडत.

या हिवाळ्यात पुनाजींच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, ओरडणं कायमचं बंद. लेकीला घोर नको म्हणून तिला काही कळवलं नाही. पण पुनाजींनी फोनच सोडला. अंजूचा फोन आला की त्यांची बायको धुरपता सांगायची, “बा वावरात गेला.”

शेवटी अंजूनं मला फोन लावला. रडत होती बिचारी. “मावशी, दिवाळीले आली नाई म्हणून बा रागावला काय? माह्याशी बोलतच नाई.”

असा संताप आला मला! तसाच चालू फोन घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले. “भाऊ, काऊन छळून राह्यले पोरीले?”

“बाई,” ते कुजबुजले, “माहा आवाज आता फाटकापर्यंत जात नाई. पुण्याले कसा जाईन?”

हसावं की रडावं कळेना. मी फोन त्यांच्या कानाला लावला. “बोला.”

“अंजू...”

पलीकडं सगळं शांत. त्यांनी माझ्याकडं पाहून मान हलवली. नाही पोचला.

आणि स्पीकर न लावताच फोनमधून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी आली, “ओऽऽऽ!”

पुनाजींनी फोन कानापासून जरा लांब धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“हळू बोल व माय,” ते तिला म्हणाले, “जवळच त हायेस.”