सरांचा उजवा पाय

समस्त वाहनधारकांना कळवण्यात येते की, पुढील मजकूर वाचण्यापूर्वी त्यांनी इंजिन बंद करावे, हँडब्रेक ओढावा आणि शक्यतो बसून घ्यावे. बाब गंभीर आहे. नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीत ज्याला विचारल्याशिवाय कुणी टायरमध्ये हवासुद्धा भरत नाही, तो विलास — म्हणजे मीच — आज तोंड उघडतो आहे.

तसं माझं तोंड रोजच उघडं असतं म्हणा. पण ही गोष्ट त्यातून कधी बाहेर पडली नाही. बायकोजवळही नाही. आणि तिला तर मी मेव्हण्याच्या लग्नातलं जिलबीचं ताट कुणी लंपास केलं, तेही सांगून बसलोय.

मी मेकॅनिक नाही. पण कान असा की गाडी गेटातून आत येताना तिला काय दुखतंय ते ओळखावं. ही बढाई नाही, खरंच येतं मला. म्हणूनच पुढचं जास्त वाईट आहे.

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या गाड्या ओळीने उभ्या राहतात आणि पूजा मी सांगतो. बाकीचे लोक बंपरला हार बांधून मोकळे होतात. मला ते पटत नाही — तोंडाला हार आणि काळजाला काहीच नाही? मी बॉनेट उघडायला लावतो, इंजिनाला हळदकुंकू वाहतो आणि आत झेंडूचा लहानसा हार बांधतो. पूजा झाली की तो सोडवून घ्यायचा. बायका हसतात, पुरुष फोटो काढतात. मला ते दोन्ही आवडतं.

चार वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला गांगुर्डे सरांच्या गाडीलाही मी असाच हार बांधला. सर वरच्या मजल्यावर राहतात. आठवीत त्यांनी मला चित्रकला शिकवली, म्हणजे शिकवून पाहिली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक लहान पांढरी गाडी घेतली आणि एक नेम धरला — दर दुसऱ्या रविवारी नामपूरला आक्कांकडे जायचं. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, घरात एकटी. सर एकटेच जायचे, एकटेच यायचे, आणि परतल्यावर गेटात हॉर्न एकदा जास्त वाजवायचे. त्या जास्तीच्या हॉर्नमध्ये काय असायचं, कळतंय ना तुम्हाला?

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी सर सोसायटीच्या उतारावरून खाली येत होते. खाली भाजीची गाडी आणि तिच्यामागे टोमॅटो निवडत बसलेली म्हातारी. सरांनी ब्रेक दाबला — पेडल दगडासारखं. जाईचना खाली. दोन्ही पाय लावून ते जवळजवळ पेडलवर उभे राहिले, तेव्हा गाडी थांबली. भाजीच्या गाडीला टेकून. चार टोमॅटो फुटले, म्हातारीने सरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बाकी कुणाला काही झालं नाही.

मला बोलावलं. मी आलो — बाह्या सरसावत, नटासारखा. सर पायरीवर बसले होते. मी स्टीअरिंगवर बसलो. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबलं, मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केलं. गाडी निरोगी असेल तर या क्षणी पेडल पायाखाली थोडं खाली सरकतं. ते हललं नाही. शिवाय पुढून बारीक ‘फुस्स’ ऐकू आलं. म्हणजे ब्रेकला जोर देणारा जो काळा गोल डबा असतो, त्याची हवा ओढणारी नळी कुठेतरी श्वास सोडत होती. एका मिनिटात रोग सापडला! मी खुशीत बॉनेट उघडलं.

नळी डब्यापासून सुटली होती. आणि तिच्या गळ्यात, घट्ट गाठीने बांधलेला, सुकलेला झेंडू.

माझी गाठ होती ती. ओढून ओढून मारलेली. नंतर हार सोडवायला मी विसरलो होतो.

मागे सगळी सोसायटी उभी. काकू — सरांच्या पत्नी — बाल्कनीतून विचारत होत्या, “काय निघालं रे, विलास?”

मी काय केलं? झेंडू मुठीत घेतला. नळी जागेवर दाबून बसवली, क्लिप घट्ट केली. हात पुसत मागे वळलो आणि म्हणालो, “गाडी ठणठणीत आहे, काकू. सरांच्या पायात आता पहिल्यासारखा जोर राहिला नाही.”

इतकंच. सरांनी नंतर एकदा जरी पेडलवर पाय ठेवला असता, तरी ते आता अलगद खाली जातंय हे त्यांना कळलं असतं. नाही ठेवला. ते उताराकडे बघत राहिले, त्या म्हातारीकडे. मग उठले, किल्ली माझ्या हातात दिली आणि जिना चढून गेले. कठड्याला धरून. त्याआधी त्यांनी कठडा धरलेला मी कधी पाहिला नव्हता.

तेव्हापासून नामपूरला गाडी मी चालवतो. सर शेजारी बसतात आणि समोर काही आलं की त्यांचा उजवा पाय रिकाम्या जागी दाबला जातो. सोसायटीत माझं कौतुक होतं — सरांसाठी किती करतो! मी ते कौतुक घेतो. आक्कांच्या हातची शेवभाजी दोनदा वाढून घेतो. गाडीत मी गप्पा मारतो आणि सर पोट धरून हसतात. तुम्हाला वाटत असेल, मला झोप लागत नसेल. लागते. छान लागते. हेही सांगायला हवं.

गेल्या रविवारी आक्का आम्हाला कांद्याच्या शेतात घेऊन गेल्या. सर बांधावरून सरसर पुढे चालले होते, मी मागे धापा टाकत. आक्का थांबल्या. आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, “भाऊना पाय दिनभर वावरमा थकतस नही, मंग गाडीमाच कसा थकनात?”

मी चपलेतली माती झटकू लागलो.

सर वळले. बहिणीशी ते नेहमी अहिराणीतच बोलतात; पण या वेळी, मलाही ऐकू जावं म्हणून असेल, वर्गात बोलायचे तशा खणखणीत मराठीत बोलून गेले —

“अगं, यानं स्वतः तपासलंय आक्का! माझा विद्यार्थी आहे, मला खोटं कशाला सांगेल?”