हळू झालेले दगड

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला गल्लीत सगळे खरखरशेठ म्हणत, कारण दुकानातून दिवसभर तोच एक आवाज यायचा. बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. एका हाताने वायर उपटायची, दुसऱ्याने खोचायची, आणि तोंडाने "थांबा, जोडते" चालूच. तिच्या बोटांना उसंत ठाऊक नव्हती.

एक गिऱ्हाईक घरगुती कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकून गेलं ते परत फिरकलंच नाही. खरखरशेठने तो घरच्या टीव्हीला जोडला आणि पुस्तकात बघत बघत एक खेळ रचला. तळाशी एक यान, वरून सरकत येणारं काळं आकाश, त्यातून कोसळणारे दगड आणि शत्रूची यानं. खेळ कॅसेटवर साठवलेला. सुरू होईपर्यंत चहा गार व्हायचा.

"अहो, हे यान आहे की इस्त्री?" बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं.

"तू उडवून तर बघ."

ती बसली ती उठेचना. भाजी करपली. "एवढ्यात संपलं?" म्हणाली. मग तो नवे टप्पे लिहायचा आणि ती त्यांचा फडशा पाडायची. तो स्वतः तिसऱ्याच्या पुढे कधी गेला नाही. लेक सासरी गेल्यावर तर दोघांना बोलायला हाच विषय पुरायचा.

मग तिच्या हातून कप निसटायला लागले. डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे, वाढतच जाणार. नोकरी सुटली. तरी संध्याकाळी ती टीव्हीसमोर बसायची. यान पहिल्याच दगडावर फुटायचं, ती हसून पुन्हा सुरू करायची. त्याला ते बघवेना. एका दुपारी तिचा डोळा लागलेला असताना त्याने दगडांचा वेग निम्म्यावर आणला.

त्या संध्याकाळी ती चौथ्या टप्प्यात पोहोचली. तो शाबासकी देणार, तोच तिने हात मांडीवर ठेवले. यान फुटलं.

"दगड हळू केलेत ना?"

"छे गं, आज तुझाच हात..."

"अहो, मला कळत नाही होय? सगळे माझ्याशी हळू बोलतात, माझ्यासाठी हळू चालतात. इथे तरी मला नीट हरू द्यायचं होतं."

त्याने वेग होता तसा केला. माफी मागितली, गयावया केली.

"राग कधीच गेला हो," ती म्हणाली, "हौस गेली."

तो मुद्दाम तिच्यासमोर खेळायचा, यान दगडांवर आपटायचा, स्वतःलाच शिव्या घालायचा. ती क्षणभर बघायची आणि कुशीवर वळायची. पुन्हा तिने त्या खेळाला हात लावला नाही. पुढच्या वर्षी ती गेली.

लेक राहायला आली होती. आईचे कपडे घडी करता करता तिने विचारलं, "बाबा, आई शेवटी इतकी गप्प का असायची?"

त्याने काही न लपवता सगळं सांगितलं. लेक चिडेल असं त्याला वाटलं होतं. ती हातातली साडी तशीच धरून बसली.

"मीसुद्धा फोनवर तिच्याशी हळूच बोलायचे," ती म्हणाली, आणि बाप-लेक दोघंही त्या कपड्यांच्या ढिगाशी बसून हमसून हमसून रडले.

ती परत गेल्यावर त्याने दुकान उघडलं. रेडिओ येत राहिले, तो दुरुस्त करत राहिला. फक्त संध्याकाळी कुलूप लावून घरी पळण्याची घाई आता त्याला उरली नव्हती.