व्याह्यांच्या ताटातली सामुद्रधुनी

समुद्राला सगळ्यात जास्त घाबरणारा आणि समुद्रावर सगळ्यात जास्त बोलणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या मुलीचा सासरा निघाला. उत्तनच्या किनाऱ्यावर पाणी घोट्याला लागलं की हे चपला हातात घेऊन मागे पळतात. पण त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई, जहाजावर आहे. यंदा त्याचं जहाज पार उत्तर ध्रुवाकडे, दोन बेटांमधल्या बर्फाळ सामुद्रधुनीतून जाणार म्हटल्यावर हे गृहस्थ आपल्या सिल्व्हर पार्क सोसायटीत बसून तिथले वाटाडे झाले. वॉचमनला सांगायचे, "हवा दक्षिण से चाहिए, भैया." तारोडीची कोळीण मासे घेऊन आली तर तिलाही तिथला प्रवाह समजावला. ती म्हणाली, "काका, तिथं मासं घावतंय का न्हाय, ते सांगा."

मुलगी ऑफिसला जाते, म्हणून दुपारी ते खारी गावात माझ्याकडे जेवायला येत. व्याही माणूस, म्हणून मी भाताची मूद नीट पाडून वाढायची. यांना दोन मुदी हव्यात. एक उंच, ते कड्यांचं बेट. दुसरी थापटून सपाट. मधे ताक ओतायचं आणि त्यात तांदळाच्या पापडाचा चुरा टाकायचा, तो बर्फ. "इथे वाट निमुळती होते, विहीणबाई. उत्तरेचा वारा सुटला की सगळा बर्फ इथेच तुंबतो," म्हणत फुंकर मारायचे आणि बर्फ माझ्या पदरावर. अलीकडच्या तोंडाशी तळलेली सांडगी मिरची, ते जहाज. पार झाल्याचा फोन येईपर्यंत ती खायची नाही. मी चौथीपर्यंतच शिकले, पण आमच्या मास्तरांनी भूगोल असा उष्टा करून शिकवला नव्हता.

मग जावयाचा फोन आला. बर्फ दाटलाय, तोंडाशी थांबलोय, पुढे रेंज मिळणार नाही. त्यानंतर फोन नाही. व्याह्यांचं बोलणंही आटलं. एका दुपारी ते ताटाकडे नुसते बघत बसले. भात गार झाला, पापडाचा लगदा झाला, तरी फुंकर नाही.

मी म्हटलं, "तोंड पाडून बर्फ हलत नाही. मुलगा तुमचा, पण जावई माझा आहे." आणि समोर बसून दक्षिणेकडून अशी फुंकर मारली, की अर्धं ताक त्यांच्या चष्म्यावर. त्यांनी चष्मा पुसला, मिरची बोटाने जराशी पुढे सरकवली, "आता जाईल," म्हणाले आणि जेवले.

पुढे फोन आला. जहाज सुखरूप बाहेर पडलं होतं. जो त्या सामुद्रधुनीतून आला, त्यालाच हे फोनवर ती समजावत बसले. मग मिरची मागितली, खाल्ली आणि डोळे पुसले. माझ्या सांडग्या मिरच्या तिखट नसतात.

जावई सध्या सुट्टीवर आहे, व्याही घरीच जेवतात. बरंच झालं, माझं काम वाचलं. पण हाताची खोड जात नाही. माझ्या एकटीच्या ताटातही भाताच्या दोन मुदी पडतात आणि मधे वाट सुटते.